गोल्फचा स्विंग शाळेच्या व्हरांड्यात शिकवता येतो

लोकलने खांदेश्वरहून खारघर दोन स्टेशनांवर आहे, मधे फक्त मानसरोवर. खारघरच्या डोंगराच्या पायथ्याशी सिडकोने उभारलेलं गोल्फचं मैदान आहे. जमीन १०० हेक्टरच्या आसपास. सुरुवातीला तिथे ११ होल होते, पुढे ते १८ करण्याचं काम हाती घेतलं गेलं. सार्वजनिक संस्थेने केलेलं हे काम आहे. तरीही खांदा कॉलनी, कामोठे, आसूडगाव या भागातल्या शाळकरी मुलांना विचारा, गोल्फ कुठे खेळतात? उत्तर येतं, टीव्हीवर.

मी पनवेल परिसरात शारीरिक शिक्षणाची शिक्षिका म्हणून नोकरी केली. आता निवृत्तीनंतर खांदा कॉलनीतल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मुलांना गोल्फच्या स्विंगचे सराव शिकवते. गच्चीवर चेंडू उडवता येत नाही आणि सुरुवातीला त्याची गरजही नसते. गोल्फमधली सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे पायाच्या तळव्यापासून क्लबच्या, म्हणजे गोल्फच्या काठीच्या, टोकापर्यंत सगळ्या अंगाचा मेळ. तो शिकायला मैदान लागत नाही. एक काठी लागते, हातपाय मोकळे करण्यापुरती जागा लागते आणि नीट बघून सांगणारं कुणीतरी लागतं. म्हणून माझी मागणी अशी आहे की हे सराव शाळेच्या शारीरिक शिक्षणाच्या तासात यावेत, आणि ज्या मुलांनी ते मन लावून केले त्यांच्यासाठी खारघरच्या मैदानावर आठवड्यातली एक सकाळ राखून ठेवावी.

ही मागणी नीट तपासता यावी यासाठी आधी स्विंगमध्ये नेमकं काय घडतं ते सांगते.

एका सेकंदाचा हिशेब

चांगला खेळाडू क्लब मागे नेऊन वर पोचवायला साधारण पाऊण सेकंद घेतो. वरून चेंडूपर्यंत खाली यायला पाव सेकंद. क्लब आणि चेंडू एकमेकांना भिडलेले असतात ते फक्त अर्धा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग. डोळ्यांनी काही टिपून हाताने त्यावर काही करायला माणसाला सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी लागतो. म्हणजे क्लब खाली यायला निघाल्यावर चूक कळली तरी ती सुधारायला वेळच उरत नाही. जे व्हायचं ते शरीरात आधीच मुरलेलं असावं लागतं.

काय मुरलेलं असावं लागतं? क्रम. खाली येताना आधी पाय जमिनीला रेटा देतात, मग कंबर फिरते, तिच्यामागून छाती, मग हात आणि सगळ्यात शेवटी क्लबचं टोक. प्रत्येक भाग वेग घेतो, मग मंदावतो आणि मंदावताना आपला वेग पुढच्याच्या हवाली करतो. व्यावसायिक पुरुष खेळाडूंच्या ड्रायव्हरचं, म्हणजे सगळ्यात लांब क्लबचं, टोक ताशी १८० किलोमीटरच्या आसपास वेगाने फिरतं. एवढा वेग दंडाच्या जोरातून येत नाही. तो या क्रमातून येतो.

नवशिका नेमका हा क्रम उलटा करतो. काठी हातात असते, मन हातात असतं, म्हणून वर पोचल्याबरोबर तो हातांनीच मारायला धावतो. कंबर जागच्या जागी राहते, खांदे पुढे पडतात, क्लब बाहेरून आत येतो आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू उजवीकडे वळत जातो. मग तो आणखी जोर लावतो आणि चेंडू आणखी उजवीकडे जातो.

माझं माहेर आगरी. आमच्याकडे खाडीत पाग टाकून मासे धरत. मामा पाग टाकताना मी लहानपणापासून बघत आले. जाळ्याचा एक भाग कोपरावर, एक हातात, कडेला शिशाची वजनं. मामा आधी पाय रोवायचे, कमरेतून मागे वळायचे आणि कंबर परत फिरल्यावरच हात सुटायचे. पाग हवेत गोल उघडून पाण्यावर पडायची. हातांनी घाई केली तर तीच पाग गोळा होऊन एका जागी पडते आणि मासे पळून जातात. पनवेलच्या खाडीकाठच्या घरांमध्ये अंगाचा हा मेळ पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला आहे. गोल्फचा स्विंग शिकवताना मी मुलांना तोच क्रम दाखवते आणि ज्यांच्या घरी आजोबांनी पाग टाकली आहे त्यांना तो लगेच कळतो.

मला गोल्फकडे ओढलं एका विद्यार्थ्याने. त्याचा मोठा भाऊ कॅडीचं काम करायचा, म्हणजे खेळाडूंच्या पिशव्या उचलून बरोबर चालायचा. भाऊ घरी जे करून दाखवी ते हा पोरगा पावसाळ्यात मधल्या सुट्टीत मिटलेली छत्री उलटी धरून व्हरांड्यात करायचा. लंगडीच्या खेळात नेहमी लवकर बाद होणारा हा मुलगा छत्री फिरवताना इतका तोलात असायचा की मी शिट्टी खाली ठेवून बघत राहिले. पाय, कंबर, छाती, हात, सगळं आपापल्या पाळीने चालत होतं. पुढे कुणीतरी वापरून टाकून दिलेली सात नंबरची आयर्न, म्हणजे लोखंडी टोकाचा क्लब, मला मिळाली आणि मी स्वतः शिकायला लागले. शिकवण्याचा अनुभव पाठीशी असल्यामुळे कोणता सराव शरीराला काय शिकवतो हे मी बारकाईने पाहत गेले.

काठी, टॉवेल आणि मोजणी

पहिला सराव पाय जुळवून स्विंग. दोन्ही पाय एकमेकांना चिकटवायचे, गुडघे किंचित सैल आणि क्लब फक्त कमरेच्या उंचीपर्यंत मागे आणि तेवढाच पुढे. पायाखालचा पाया अरुंद असल्यामुळे हातांनी थोडी जरी घाई केली तरी तोल जातो. इथे शिकवणाऱ्याने ओरडून सांगायची गरज पडत नाही, पडता पडता मुलाला स्वतःलाच कळतं. तोल सांभाळून सलग काही स्विंग जमले की हात शांत झालेले असतात आणि छाती फिरायला लागलेली असते.

दुसरा सराव टॉवेलचा. एक पातळ टॉवेल छातीवरून आडवा घ्यायचा आणि त्याची दोन्ही टोकं दोन्ही काखांत धरायची. मग अर्धा स्विंग. टॉवेल पडला तर हात अंगापासून सुटून एकटेच फिरले असं समजायचं. टॉवेल राहिला तर हात आणि छाती बरोबर फिरली. हा सराव अर्ध्या स्विंगपुरताच ठेवायचा. पूर्ण स्विंगमध्ये हात वर जाताना टॉवेल सुटणं साहजिक आहे आणि तो धरून ठेवायच्या नादात खांदे आखडतात. आमच्या मुलांकडे टॉवेल नसला तर शाळेचा स्कार्फ चालतो.

तिसरा सराव पाऊल टाकून स्विंग, आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. पाय जुळवून उभं राहायचं, काठी मागे न्यायची आणि ती अजून मागे जात असतानाच डावं पाऊल लक्ष्याच्या दिशेने टाकायचं. पाऊल टेकलं की मग काठी खाली. वरचं अंग मागे जात असताना खालचं अंग पुढे निघालेलं असतं आणि या क्षणाच्या ताणातूनच वेग जन्मतो. पुस्तकात पानभर समजावूनही हे डोक्यात शिरत नाही. पाऊल टाकायला सांगितलं की सातवीतली मुलगी ते थोड्याच वेळात करून दाखवते. विटीदांडू किंवा क्रिकेट खेळलेल्या मुलांना तर ते ओळखीचंच वाटतं.

चौथा सराव आवाजाचा. क्लब उलटा धरायचा, म्हणजे जड टोक हातात आणि दांडा पुढे. शाळेत साधी वेताची काठीही चालते. मोकळा स्विंग करायचा आणि हवा कापल्याचा आवाज कुठे येतो ते ऐकायचं. उजव्या पायाजवळ आवाज आला तर सगळा वेग वरच उधळला गेला. तो चेंडूच्या जागी आणि तिथून पुढे, डाव्या पायाच्या बाजूला आला पाहिजे. महाराष्ट्रातल्या अनेक शाळांमध्ये साधन कवायतीसाठी घुंगुरकाठ्या असतात. मी तीच काठी वापरते. घुंगरं कधी वाजली हे सगळ्या वर्गाला ऐकू येतं, त्यामुळे मुलं एकमेकांना सुधारतात.

पाचवा सराव मोजणीचा. अमेरिकेतल्या जॉन नोव्होसेल यांनी व्यावसायिक खेळाडूंच्या चित्रफिती चौकट चौकट मोजून पाहिल्या. सेकंदाला ३० चौकटी. कुणाचा क्लब वर जायला २१ चौकटी आणि खाली चेंडूपर्यंत यायला ७, कुणाच्या २४ आणि ८, कुणाच्या २७ आणि ९. कुणी झपाझप खेळतं, कुणी संथ, पण प्रमाण तीनास एक. २००४ साली त्यांनी यावर पुस्तक लिहिलं. मुलांना मी एवढंच सांगते की एक, दोन, तीन म्हणत काठी मागे आणि चारला चेंडू. लेझीम खेळलेल्या मुलांना मोजणीवर अंग हलवण्याची सवय असते. कुणाची चाल संथ असेल तर ती संथच ठेवावी, प्रमाण मात्र ढळू देऊ नये.

हे पाचही सराव उजवीकडून झाले की डावीकडूनही करून घ्यायचे. गोल्फमध्ये पाठीला एकाच बाजूने पीळ पडत राहतो. वाढत्या वयातल्या मुलांच्या कण्यावर एकतर्फी ताण देणं बरोबर नाही. दोन्ही बाजूंनी केलं की अंगही सारखं घडतं आणि मेंदूलाही तीच हालचाल नव्याने जुळवावी लागते.

बादलीभर चेंडू मारून मेळ बसत नाही

खूप चेंडू मारले की स्विंग आपोआप सुधारतो, असा समज प्रौढ खेळाडूंमध्येही घट्ट आहे. रेंजवर, म्हणजे फटक्यांच्या सरावाच्या जागेत, बादलीभर चेंडू घ्यायचे, एकच क्लब, एकच दिशा आणि घाम येईपर्यंत मारत सुटायचं. त्यातून समाधान मिळतं, शिकणं थोडंच होतं. १९७९ साली शिया आणि मॉर्गन या अमेरिकी संशोधकांनी हातांच्या हालचालींवर प्रयोग केला. एका गटाने एकेक हालचाल सलग घोटली, दुसऱ्याने त्याच हालचाली उलटसुलट क्रमाने केल्या. सरावाच्या वेळी पहिला गट सरस दिसला. काही दिवसांनी परीक्षा घेतली तेव्हा दुसऱ्या गटाला जास्त आठवत होतं. मैदानावर कुणीही सारखा फटका सलग दोनदा मारत नाही. सरावही तसाच फिरता हवा. म्हणून मी मुलांकडून पाय जुळवून दोन स्विंग, मग टॉवेल, मग पाऊल, मग परत पाय जुळवून असं करून घेते.

दुसरी गोष्ट, सूचना कशी द्यायची. शिक्षक म्हणून आपल्याला अवयवांची नावं घेऊन सांगायची सवय असते. कोपर सरळ, मनगट घट्ट, डोकं खाली. गॅब्रिएल वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली नवशिक्यांना छोटे फटके मारायला दिले. एका गटाला हातांच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितलं, दुसऱ्याला क्लबच्या हालचालीकडे. क्लबकडे लक्ष देणाऱ्यांचे चेंडू लक्ष्याच्या जास्त जवळ पडले. अवयवावर लक्ष गेलं की शरीर आखडतं. काठीच्या टोकावर लक्ष ठेवलं की शरीर आपला मार्ग शोधतं.

प्रयोगशाळेने हे मांडण्याच्या कितीतरी आधी अर्नेस्ट जोन्स या इंग्रज शिक्षकाने ते ओळखलं होतं. पहिल्या महायुद्धात १९१६ साली त्याने उजवा पाय गुडघ्याखाली गमावला. कुबड्यांवर असतानाच तो एका पायावर गोल्फ खेळला आणि १८ होल ८३ फटक्यांत पूर्ण केले. दोन धडधाकट पायांच्या बहुतेक हौशी खेळाडूंना हे साधत नाही. पुढे अमेरिकेत शिकवताना तो रुमालाच्या टोकाला चाकू बांधून झुलवून दाखवायचा. रुमाल ढकलता येत नाही, फक्त झुलवता येतो. क्लबही तसाच झुलवा, असं तो सांगायचा. मी चाकूऐवजी रुमालात खडूचा तुकडा बांधते.

१९२०च्या दशकात निकोलाय बर्नस्टाइन या रशियन शास्त्रज्ञाने छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कसबी कामगारांची छायाचित्रं काढून अभ्यास केला. घाव दरवेळी नेमका छिन्नीवर बसायचा, पण हाताचा मार्ग मात्र दरवेळी थोडा वेगळा. कसबी माणूस हालचालीची नक्कल करत नाही, दरवेळी तोच प्रश्न नव्याने सोडवतो. आपल्याकडच्या कवायतीत आपण पन्नास मुलांना एकाच साच्यातून काढायला बघतो. स्विंगच्या सरावात ते करू नये. उंच मुलाचा स्विंग वेगळा दिसेल, ठेंगण्या मुलीचा वेगळा. क्रम पाळला जातोय ना, तोल राहतोय ना, एवढंच शिक्षकाने बघावं.

पिशव्या उचलणारी पोरं

भारतातला गोल्फ ज्यांनी घडवला त्यांच्यात क्लबच्या दारातून सदस्य म्हणून आलेले बरेच होते. पण मागच्या दाराने आलेलेही होते. दिल्ली गोल्फ क्लबात कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या अली शेर यांनी १९९१ साली इंडियन ओपन जिंकली. ती जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक. १९९३ साली त्यांनी ती पुन्हा जिंकली. कोलकात्यात हिरवळ राखणाऱ्या कर्मचाऱ्याचा मुलगा शिवशंकर प्रसाद चौरासिया यांनी २००८ साली दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकून युरोपियन टूरवर नाव कोरलं. ही मुलं बघून बघून शिकली. हातात येईल त्या काठीने शिकली.

आपल्या जवळचं उदाहरण चेंबूरचं आहे. तिथला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ सालचा. त्या क्लबात कॅडीचं काम करणाऱ्या पोरांनी शेजारच्या वस्तीतल्या गल्ल्यांमध्ये स्वतःचा गोल्फ सुरू केला. लोखंडी सळई वाकवून क्लब, प्लॅस्टिकचा चेंडू आणि बोळांतून, पायऱ्यांवरून, पत्र्यांना चुकवत खेळायचं. परदेशी छायाचित्रकार त्याची छायाचित्रं काढायला आले. मला त्या छायाचित्रांतलं कौतुक पुरेसं वाटत नाही. वाकवलेल्या सळईने एवढ्या अरुंद बोळात चेंडू नेमका मारणाऱ्या पोराच्या अंगात जो मेळ आहे, तो शाळेत कुणी ओळखला असता, घडवला असता, तर तो कुठे पोचला असता याचा विचार करायला हवा.

मोठ्या पातळीवर आपली माणसं आहेतच. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळला. त्याच संघातला अनिर्बान लाहिरी जन्मला पुण्यातच. त्याच ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली आणि फार थोड्याने पदक हुकलं. तिच्याबरोबर दीक्षा डागर होती. हरियाणाची ही डावखुरी मुलगी जन्मापासून कर्णबधिर. तिने मूकबधिरांच्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदकही मिळवलं आहे. आवाजाच्या सरावाबद्दल मी वर लिहिलं, पण ज्या मुलांना ऐकू येत नाही त्यांनाही ठेका शिकवता येतो. जमिनीवर पाऊल टेकल्याचा धक्का अंगाला जाणवतो, मोजणी बोटांनी दाखवता येते. माझ्या गच्चीवरच्या मुलांमध्येही असं एक मूल आहे आणि तीनास एकचं प्रमाण ते इतरांपेक्षा स्वच्छ राखतं.

आक्षेपांना उत्तर

पहिला आक्षेप हा की गोल्फ श्रीमंतांचा खेळ, त्याला पाणी आणि जमीन फार लागते. जमिनीचा आणि पाण्याचा प्रश्न मी हलका मानत नाही. प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावरच अशी हिरवळ राखली जावी, असं माझं ठाम मत आहे. पण खारघरची जमीन दिली गेली आहे, मैदान उभं आहे. आता प्रश्न उरतो तो त्यावर पाय कुणाचे पडणार हा. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, उरण, पनवेल भागातल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई हे शहर वसलं. भातशेती गेली, मिठागरं गेली. ज्यांच्या जमिनीवर शहर उभं राहिलं त्यांच्या नातवंडांनी आणि खारघरच्या डोंगरावरच्या आदिवासी पाड्यांतल्या मुलांनी या मैदानाकडे फक्त कुंपणाबाहेरून बघावं, हे मला मान्य नाही.

दुसरा आक्षेप, शाळांना कबड्डी, खो-खोला मैदानं नाहीत तिथे गोल्फ कशाला? कबड्डी, खो-खोसाठी मैदानं मिळालीच पाहिजेत आणि त्यासाठी मी आयुष्यभर भांडले आहे. पण गोल्फच्या सरावाला त्यांचं मैदान लागत नाही. तासातली शेवटची दहा मिनिटं आणि व्हरांडा पुरतो. पाऊस असला की आपल्याकडे जून ते सप्टेंबर शारीरिक शिक्षणाचा तास बऱ्याचदा गणिताला किंवा गप्पांना जातो. तोच काळ या सरावाला द्यावा. स्विंग शिकल्याने कुणी कबड्डीत तरबेज होईल असं मी म्हणणार नाही, एका खेळातलं कौशल्य दुसऱ्यात सहज जात नाही. पण वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर नेणं, तोल राखून वळणं आणि घाई न करणं हे वाढत्या अंगाला शिकवण्यासारखं आहे, विशेषतः धावण्याच्या शर्यतीत नेहमी मागे राहणाऱ्या मुलांना. मैदानी खेळांत आपण वेगवान आणि धिप्पाड मुलांना पुढे करतो. बाकीची वर्गाच्या कडेला उभी राहतात. मेळ शिकवणाऱ्या सरावात त्यांनाही काहीतरी नीट करून दाखवता येतं.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो बरोबर आहे. वर्गभर मुलांच्या हातात काठ्या दिल्या की इजा होऊ शकते. म्हणून नियम पक्के हवेत. दोन मुलांमध्ये दोन काठ्यांचं अंतर. सगळ्यांनी एका शिट्टीला स्विंग करायचा, दुसऱ्या शिट्टीला काठ्या जमिनीवर ठेवायच्या, त्याशिवाय कुणीही जागा सोडायची नाही. कुणी चेंडू किंवा काठी उचलायला पुढे गेलं की सगळा वर्ग थांबतो. चेंडू द्यायची वेळ येईल तेव्हा पोकळ, भोकं असलेला प्लॅस्टिकचा चेंडूच द्यायचा. खऱ्या चेंडूचं वजन ४६ ग्रॅमच्या जवळपास असतं आणि तो जवळून लागला तर गंभीर इजा होते. तो फक्त रेंजवर.

काय करता येईल

पनवेल महानगरपालिका २०१६ साली झाली. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल, खांदा कॉलनी हा सगळा भाग तिच्या हद्दीत आहे. एकाच शहरात मैदानही आहे, शाळाही आहेत, शारीरिक शिक्षणाचे शिक्षकही आहेत. यांना जोडायचं आहे.

शिक्षकांपासून सुरुवात करावी. दोन दिवसांच्या प्रशिक्षणात हे पाच सराव, सुरक्षिततेचे नियम आणि सूचना कशी द्यावी एवढं शिकवून होतं. मैदानावर काम करणाऱ्या कॅडींना आणि प्रशिक्षकांना त्यासाठी मानधन देऊन बोलवावं. कॅडींना जे येतं ते अनेक सदस्यांनाही येत नाही आणि त्यांच्या ज्ञानाचा मान असा व्हायला हवा.

जून ते सप्टेंबर शाळेत फक्त सराव. चेंडू नाही, मैदान नाही. ऑक्टोबरपासून ज्या मुलांना पुढे जायचं आहे त्यांना आठवड्यातून एकदा सकाळी मैदानाच्या सरावाच्या जागेत आणि पटिंगच्या हिरवळीवर येऊ द्यावं. सदस्यांच्या खेळाला धक्का लागणार नाही अशी वेळ निवडता येईल, कामाच्या दिवशी सकाळी गर्दी कमी असते.

क्लबांचा प्रश्न सोडवणं कठीण नाही. प्रौढ खेळाडू क्लब बदलतात तेव्हा जुने क्लब घरात पडून राहतात. ते गोळा करून दांडे कापून, ग्रिप नव्याने बसवून मुलांच्या उंचीचे करता येतात. मोठ्यांचा लांब आणि जड क्लब मुलांच्या हातात देऊ नये, त्याने क्रमच बिघडतो. आयर्न आणि पटर एवढं पुरे, ड्रायव्हर सुरुवातीला नकोच. या मैदानावर खेळणाऱ्यांनी एकेक जुना क्लब दिला तरी कितीतरी शाळांचं भागेल.

वर्षअखेरीला किती मुलं कितव्या फटक्यात चेंडू भोकात घालतात ते मोजू नये. तोल राखून, टॉवेल न पाडता, मोजणीवर स्विंग करणारी मुलं किती झाली ते मोजावं. त्यातली दोन-चार पुढे स्पर्धांना गेली तर उत्तम. बाकीच्यांना आयुष्यभर पुरेल असं एक अंगवळण मिळालेलं असेल आणि आपल्या शहरातल्या सार्वजनिक जागेत ताठ मानेने जायची सवय लागलेली असेल. मला दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते.

सिडको, महापालिका आणि शाळांचे मुख्याध्यापक यांनी या उन्हाळी सुट्टीत एकत्र बसावं आणि येत्या जूनपासून एक-दोन शाळांत सुरुवात करावी. सरावाला पैसा जवळजवळ लागत नाही, शिक्षक शाळेत आहेतच, जमीन लोकांची आहे. निर्णय तेवढा बाकी आहे. जी शाळा पहिलं पाऊल टाकेल तिथे शिक्षकांना शिकवायला मी स्वतः येईन, विनामूल्य, आणि माझ्या गच्चीवरची मुलं सराव करून दाखवायला बरोबर येतील.